चिकूची झाडं फक्त तोडतानाच का मोजता?

प्रति,
मा. फलोत्पादन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : घोलवड-बोर्डी पट्ट्यातल्या जुन्या चिकूवाड्यांच्या नोंदीबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्याआधी आमच्या शेजारची एक वाडी गेली. सरकारने घेतली नाही, मालकानेच काढली. मुलं शहरात, उंच झाडावर चढणारा गडी मिळत नाही, फळ बारीक व्हायला लागलेलं. त्याला दोष देता येत नाही. जेसीबीने तीन दिवसांत सगळं साफ केलं. तांबड्या ओंडक्यांतून पांढरा चीक त्यानंतरही ठिबकत होता. मी विचारलं, झाडं किती सालातली? तो म्हणाला, "बाबांच्या आधीची." याहून जास्त सांगू शकेल असं गावात कोणी उरलेलं नाही. म्हणून हे पत्र.

महाराष्ट्रातली चिकूची पहिली लागवड 1898 साली घोलवडला झाली, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य आपल्याला माहीत असेलच. झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, आणि ज्यांनी ते इथे वाढवलं त्यांच्यातले कित्येकजणही दूरचेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इराणातल्या यझ्द आणि केरमान भागातून जरथुष्ट्री माणसं दुष्काळाला आणि छळाला कंटाळून मुंबईकडे आली. काहींनी मुंबई-पुण्यात चहाची हॉटेलं टाकली, त्यांच्यावर भरपूर लिहून झालंय. काही मात्र डहाणूच्या बाजूला उतरली. तेव्हा इथे होतं काय? जंगल, आणि मुंबईच्या घोड्यांसाठी कापलं जाणारं गवत. बन-मस्काविना कोणाचं अडलं नसतं, पण या लोकांनी वाड्या लावल्या नसत्या तर आज पालघर जिल्ह्यात पाचेक हजार हेक्टर चिकू उभा नसता. तरी त्यांच्याकडे कॅमेरा घेऊन कोणी येत नाही.

माझे आजोबा एका इराणी शेठच्या वाडीत कलमं बांधायचे. चिकू खिरणीवर, म्हणजे चिकूच्याच कुळातल्या झाडाच्या रोपावर बांधतात. खिरणी सावकाश वाढते, पण मूळ असं धरते की वारा-दुष्काळ काही बाधत नाही. खिरणीचं रोप कुंडीत घ्यायचं, मातृवृक्षाच्या फांदीशी मचाणावर ठेवायचं, दोन्हींची साल तासून एकमेकांना भेटवायची आणि सुतळीने आवळायचं. याला भेट कलम म्हणतात. सांधा जुळेपर्यंत दोन-तीन महिने मचाणावरच्या प्रत्येक कुंडीला हाताने पाणी द्यावं लागतं. आजोबा सांगत, शेठ स्वतः सकाळी येऊन कुंडीत बोट घालून ओल बघायचा आणि माती कोरडी लागली तर गुजरातीत शिव्या द्यायचा. कालीपत्ती या चिकूच्या जातीची गडद हिरवी पानं बघितली की मला अजून त्या मचाणाची गोष्ट आठवते.

पण साहेब, मचाण बांधलं वारल्यांनी, खड्डे खणले वारल्यांनी, पाणी वाहिलं वारल्यांनी. आणि पुष्कळदा वेठीने. या भागातले जमीनदार, मग ते इराणी असोत, पारशी असोत, हिंदू असोत की मुसलमान, कर्जापायी माणसं पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवत. 23 मे 1945 रोजी झरी गावी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेत हजारो वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चारजण गेले. चिकूच्या गोडीची गोष्ट सांगताना हे कशाला, असं कोणी म्हणेल. मला वाटतं, हे वगळलं की उरते ती पेटीवर छापायची जाहिरात. आजही फळ तयार आहे की नाही हे ठरतं ते तोडणाऱ्याच्या नखाने आणि नजरेने. चिकू पिकताना रंग बदलत नाही. साल किंचित खरवडली आणि आत हिरवं दिसलं तर थांबायचं, पिवळसर दिसलं तर तोडायचं. चार-पाच माणसं उंच काठीला जाळी बांधून दिवसभरात हजारो फळं उतरवतात, आणि त्यातलं प्रत्येक फळ नखाने तपासत बसत नाहीत, नजरेनेच ओळखतात. ही नजर कोणत्या मानांकनात लिहिलीय?

मानांकनावरून आठवलं. 2016 साली डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, 2021 मध्ये त्या नावाने फळ ब्रिटनला गेलं. आनंद आहे. घोलवडच्या मातीत चुना जास्त म्हणून चव वेगळी, हेही अर्जात आलं. म्हणजे मातीची नोंद झाली, फळाची झाली. झाडाची नाही. आमच्याकडे झाडांची काळजीपूर्वक मोजणी मी दोनदाच बघितली, एकदा द्रुतगती महामार्गासाठी आणि एकदा बुलेट ट्रेनसाठी. तेव्हा मात्र अधिकारी झाडागणिक खोडावर आकडे टाकत आले होते. ज्या झाडांवर आकडा पडला, ती आज नाहीत.

माझं मागणं साधं आहे. 1991 साली डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून केंद्राने जाहीर केला, म्हणजे इथलं जतन करण्यासारखं आहे हे दिल्लीने तेव्हाच मान्य केलं. आता कृषी खात्याने घोलवड, बोर्डी आणि आसपासच्या जुन्या वाड्यांची एकदा पाहणी करावी. झाडाचा घेर, कलम की रोप, कोणत्या मातृवृक्षाचं, कोणी लावलं, आणि कोणी खड्डा खणला. शेवटचा रकाना चुकवू नका. ही माहिती कागदात नाही, पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे, आणि म्हातारे दरवर्षी कमी होताहेत. कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या लोकांना ही झाडं ओळखीची आहेत. उत्तम मातृवृक्ष सापडले तर त्यांच्या काड्या घेऊन नवी कलमं बांधता येतील. जुन्याची छाटणी करून उंची खाली आणायला मदत दिलीत, तर मालकही जेसीबी बोलावण्याआधी थांबेल.

एक विनंती मात्र आहे. तोडीवर बंदी किंवा परवान्याचा नियम आणू नका. आंबा-फणसाच्या तोडीला परवानगी लागते, म्हणून बांधावर आंबा लावायलाच कचरणारे शेतकरी मी पाहिलेत. परवाना आला की पुढची पिढी चिकूही लावणार नाही.

सुरुवात कुठून करायची, असं खात्याने विचारलं तर आमच्या विहिरीजवळची सात झाडं आहेत. आजोबांच्या हातची कलमं, सांध्याची गाठ अजून बोटाला लागते. माणूस कधीही पाठवा, फक्त रविवारी नको. रविवारी गाडी भरायची असते.

आपला,
घोलवड परिसरातला एक वाडीवाला