टीएलसीच्या टेबलावरच्या मामांना

सोलापूर

आदरणीय मामांस,
सप्रेम नमस्कार.

निरोप समारंभात शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. 'मनमिळाऊ', 'सेवाभावी' असे नेहमीचे शब्दही आले. तुम्ही प्रयोगशाळेत नेमकं काय शिकवलंत, हे मात्र कुणी बोललं नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

टीएलसी म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी: सिलिकाचा पातळ थर दिलेल्या प्लेटवर अर्काचा ठिपका लावायचा, खालून सॉल्व्हंट (द्रावक) चढू द्यायचं आणि अर्कातले घटक वेगळे करायचे. आमच्या प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये तिची कृती चार ओळींची आहे: प्लेट तापवा, स्पॉट लावा, चेंबरमध्ये ठेवा, आरएफ काढा (स्पॉट किती चढला भागिले सॉल्व्हंट किती चढलं). या चार ओळींच्या मधे काय काय बिघडतं आणि का बिघडतं, ते तुमच्याकडून कळलं. प्रत्येक 'असं करू नका'च्या मागे तुम्ही कारण दिलंत, त्याबद्दल सगळ्यात आधी आभार.

डाळिंबाच्या सालीपासूनच सुरुवात करतो. भगव्या डाळिंबाची साल आपल्याकडे ज्यूस सेंटरवर पोत्यानं मिळते, त्यामुळे दरवर्षी कुणी ना कुणी प्रोजेक्टला तीच घेतं. ताजी साल कापून ओली ठेवली तर तिच्यातली एन्झाइम्स फेनॉलिक द्रव्यं काळपटवतात, तेव्हा ती लगेच पातळ पसरायची, सावलीत वाळवायची, मग दळून चाळायची. १ ग्रॅम पूड, १० मिली ८० टक्के मिथेनॉल, अर्धा तास हलवणं, गाळणं. इथवर सगळ्यांना जमतं. पण हा अर्क टोल्युइन, इथाइल असिटेट आणि फॉर्मिक आम्ल ५:५:१ मध्ये चालवला की बराचसा माल स्पॉट लावलेल्या रेषेवरच तपकिरी डाग होऊन बसतो. तुम्ही सांगितलंत की त्यात चुकलं काहीच नाही. सालीतलं मुख्य टॅनिन प्युनिकॅलाजिन, त्याचा रेणुभार १०८४. एवढा मोठा आणि इतक्या हायड्रॉक्सिल गटांचा रेणू सिलिकाला धरून बसणारच. या टॅनिनमध्ये बांधलेलं एलॅजिक आम्ल नीट बघायचं असेल तर आधी टॅनिन फोडावं लागतं: २ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, वॉटर बाथवर तासभर, गार करून इथाइल असिटेटनं दोन-तीनदा काढणं, पाण्यानं धुणं, निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवणं.

तुमची खरी सूचना याच्याही आधीची होती. आम्ल घालण्यापूर्वी मिथेनॉल पूर्ण उडवून टाका. ते राहिलं तर आम्लाच्या संगतीत गॅलिक आम्लाचं मिथाइल गॅलेट होतं, प्लेटवर एक जादा स्पॉट उगवतो आणि 'सालीत नवीन घटक सापडला' म्हणून कुणीतरी नाचू लागतं. छापील कृतीत हे वाक्य आम्हाला दिसलेलं नाही. आता आमच्या कृतीत ते ठळक अक्षरांत आहे.

एलॅजिक आम्ल मिथेनॉलमध्ये जेमतेम विरघळतं. म्हणून द्रावण कोमट करायचं, गढूळ दिसलं तर गाळायचं आणि गार व्हायच्या आत स्पॉट लावायचा. नाहीतर बारीक कण रेषेवर अडकतात आणि तिथून वरपर्यंत पट्टा ओढला जातो.

स्पॉट लावायचा तुमचा हात तर बघत राहावा असा. मेल्टिंग पॉइंटची नळी ज्योतीवर फिरवत मऊ करायची, ज्योतीबाहेर काढून एका दमात ओढायची आणि केसासारख्या भागातून तोडायची. टोक सिलिकाला नुसतं टेकवायचं, थेंब आपला आपण उतरतो. दाबलं की थराला खड्डा पडतो, सॉल्व्हंट त्या खड्ड्याला वळसा घालून जातं आणि गोल स्पॉटचा त्रिकोण होतो. स्पॉट २ ते ३ मिलिमीटरचा, त्याहून मोठा नाही. जास्त माल लागत असेल तर त्याच जागी पुन्हा टेकवायचं, पण मधे वाळू द्यायचं. रेघ पेन्सिलीचीच, कारण पेनची शाई सॉल्व्हंटबरोबर वर चढते. प्लेटच्या खालच्या कडेपासून १० मिलिमीटरवर रेघ आणि चेंबरमध्ये द्रव ५ मिलिमीटरच. स्पॉट बुडाला की माल खालच्या द्रवात गेला.

'नाकापेक्षा मोती जड' हा तुमचा लाडका शेरा. स्पॉट गोल न राहता लांबून त्याला शेपटी आली की सॉल्व्हंटला शिव्या घालायच्या आधी माल मोजा, असं तुमचं म्हणणं. त्यासाठीची चाचणी इतकी सोपी आहे की ती प्रत्येक प्रयोगशाळेत भिंतीवर लावावी. एकाच अर्काचे १, २ आणि ५ मायक्रोलिटरचे स्पॉट शेजारी शेजारी चालवायचे. माल कमी केल्यावर शेपटी आखडली तर ओझं जास्त होतं. तशीच राहिली तर घटक आयन बनून सिलिकाला चिकटतोय. घटक आम्लधर्मी असेल तर फॉर्मिक आम्ल वाढवा, आम्लारिधर्मी असेल तर अमोनिया घाला. अडुळशातल्या व्हॅसिसिन या अल्कलॉइडसाठी इथाइल असिटेट, मिथेनॉल आणि अमोनिया ८:२:०.५ हे मिश्रण घेतो त्यात अमोनिया असतो तो यासाठीच. आपल्या उन्हाळ्यात वारंवार उघडलेल्या अमोनियाच्या बाटलीत नंतर नुसतं पाणीच उरतं, म्हणून बाटली नवी हवी आणि मिश्रण आयत्या वेळी करायला हवं.

आता सोलापूरच्या हवेबद्दल, कारण इथे तुमच्यासारखा जाणकार आम्हाला दुसरा भेटला नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो. एकदा वापरलेलं मिश्रण 'अजून बरंच आहे' म्हणून पुन्हा वापरलं की पस्तावायची वेळ येते. इथाइल असिटेट ७७ अंशाला उकळतं, टोल्युइन १११ ला. उघड-झाक होताना इथाइल असिटेट आधी उडतं, मिश्रणाची ध्रुवीयता उतरते आणि सगळे स्पॉट खाली राहतात. म्हणून दर वेळी ताजं मिश्रण. चेंबरच्या आतून फिल्टर पेपर लावून तो भिजवायचा आणि झाकण घट्ट बसवून वीस-तीस मिनिटं थांबायचं. चेंबर वाफेनं भरला नसेल तर प्लेटच्या कडांवरून सॉल्व्हंट उडत राहतं, तिथे खालून जास्त ओढलं जातं आणि कडेचे स्पॉट मधल्यांपेक्षा वर जातात. पंखा बंद ठेवा, हेही तुमचंच. एका बाजूनं वारा लागला की फ्रंट, म्हणजे चढत्या सॉल्व्हंटची वरची कड, तिरका चढतो. प्लेट बाहेर काढल्या काढल्या फ्रंटची खूण करायची, कारण आपल्याकडे तो बघता बघता सुकतो.

सप्टेंबरची गोष्ट उलटी. आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस तेव्हाच पडतो. ११० अंशाला अर्धा तास तापवलेली प्लेट टेबलावर उघडी ठेवली की काही मिनिटांत हवेतला ओलावा शोषते, सिलिकाची पकड ढिली होते आणि स्पॉट वर जातात. म्हणजे मे आणि सप्टेंबर यांचे आरएफ जुळायचे नाहीत. प्लेट डेसिकेटरमध्येच (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) गार करा आणि स्टँडर्ड, म्हणजे ओळखीचा शुद्ध घटक, त्याच प्लेटवर लावा. कालच्या प्लेटचा आकडा आजच्या नमुन्याला लावणं तुम्हाला कधी पटलं नाही, आणि आता आम्हालाही पटत नाही.

याच मुद्द्यावर तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत. 'आरएफ जुळला, म्हणून हे गॅलिक आम्ल' अशी वाक्यं प्रबंधांत सर्रास दिसतात. उचलली जीभ, लावली टाळ्याला. तुम्ही तीन रांगा मागायचात: एकीत स्टँडर्ड, दुसरीत नमुना, तिसरीत दोन्ही एकावर एक. तिसऱ्या रांगेत एकच गोल, न फुटलेला स्पॉट हवा, तोही निदान दोन वेगवेगळ्या सॉल्व्हंट मिश्रणांत. शिवाय रंग जुळायला हवा. २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली हिरव्या प्लेटवर काळा डाग, ३६६ खाली एलॅजिकची निळी चमक, फेरिक क्लोराइडच्या फवाऱ्यानं निळसर काळा रंग. एवढं झालं तरी अहवालात 'स्टँडर्डशी जुळते' असंच लिहायचं. 'आढळले' हा शब्द पुढच्या यंत्रांसाठी राखून ठेवायचा.

अडुळशालाही तोच नियम. ड्रॅगेन्डॉर्फ या अल्कलॉइड ओळखण्याच्या फवाऱ्यानं नारिंगी रंग आला की अल्कलॉइड असं धरून चालतात, पण अल्कलॉइड नसलेली काही कूमारिनंही त्याला रंग देतात. त्यामुळे शेजारी व्हॅसिसिनचा स्टँडर्ड नसेल तर नारिंगी रंगावर विसंबता येत नाही. रंग फिका पडतो म्हणून फोटो लगेच काढायचा. आयोडीनच्या बरणीतून काढलेल्या प्लेटचं तर विचारूच नका, पेन्सिलीनं खूण करेपर्यंत स्पॉट उडून जातात.

एक युक्ती मात्र अगदी शेवटी, जाता जाता सांगितलीत. घटक प्लेटवरच मोडतोय का, हे कसं ओळखायचं? चौकोनी प्लेटच्या कोपऱ्यात एक स्पॉट लावा, चालवा, पूर्ण वाळवा, काटकोनात फिरवून त्याच मिश्रणात पुन्हा चालवा. सगळे स्पॉट कर्णरेषेवर आले तर ठीक. एखादा रेषेबाहेर पडला तर तो सिलिकावर तयार झालेला, झाडातून आलेला नव्हे. ही प्लेट आता आमच्याकडे प्रत्येक नव्या वनस्पतीसाठी चालवली जाते, आणि तिला सगळे 'मामांची प्लेट' म्हणतात.

तुम्ही कपाटात ठेवलेली सिलिका जेल जी, म्हणजे प्लेटवर थर द्यायची पूड, संपत आली आहे. ३० ग्रॅमला ६० मिली पाणी घालून ती घट्ट व्हायच्या आत काचांवर पसरायचं काम तुमच्याशिवाय अजून कुणाला एकसारखं जमलेलं नाही. दिवाळीनंतर नवा डबा येईल. सवडीनं एक दुपार काढून या. काचा ॲसिटोननं पुसून, बोटं न लावता तयार ठेवतो.

तुमचेच,
वनस्पती रसायन प्रयोगशाळेतले सगळे