पोटदुखीचे पहिले २४ तास : आरोग्यमंत्र्यांना खानदेशातून खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

स्वादुपिंडाला सूज आलेला रुग्ण धुळ्या-नाशिकच्या आयसीयूत पोचेपर्यंत बरेच काही ठरून गेलेले असते. ते ठरते धडगाव, मोलगी, चोपडा, यावल इथे, पहिल्या २४ तासांत. म्हणून आमचे मागणे ग्रामीण रुग्णालयांपुरते आहे.

हे दुखणे ओळखू येते. बेंबीच्या वर एकाएकी कळ उठते, पाठीत आरपार जाते, उलट्या थांबत नाहीत. रुग्णाला उताणे पडवत नाही. गुडघे पोटाशी घेऊन तो पुढे वाकून बसतो. अशाला ‘ॲसिडिटी’ म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवू नये. नंदुरबारात आणखी एक चकवा आहे. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात लाल पेशी सतत फुटतात, त्यामुळे कोवळ्या वयातच पित्ताशयात खडे होतात. खडा सरकून पित्तनळीच्या तोंडाशी अडकला की स्वादुपिंड सुजते, आणि दुखणे मात्र ‘सिकलचीच कळ’ म्हणून सोडून दिले जाऊ शकते.

लायपेज (स्वादुपिंडातले पाचक द्रव्य, सुजेत ते रक्तात वाढते) तपासणी चोवीस तास हवी. अशी कळ आणि नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट लायपेज, एवढ्यावर निदान होते. पहिल्याच दिवशी सीटी स्कॅनसाठी धावपळ नको, स्वादुपिंडाचा मेलेला भाग तेव्हा नीट दिसतही नाही. सोनोग्राफी मात्र करावीच, खडे तिथे सापडतात.

खरी चूक सलाईनमध्ये होते. सुजेमुळे रक्तवाहिन्या झिरपतात, रक्त घट्ट होते, स्वादुपिंडाचा रक्तपुरवठा आटतो, मूत्रपिंडे बसतात. म्हणून पाणी द्यायचे, पण मोजून. ६० किलोच्या रुग्णाच्या अंगातले पाणी कमी झाले असेल तर रिंगर लॅक्टेट (क्षारयुक्त सलाईन) ६०० मिलि दोन तासांत, मग तासाला ९० मिलि; म्हणजे मिलिला २० थेंब सोडणाऱ्या सेटने मिनिटाला ३० थेंब. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याच्या दुप्पट वेगाने फायदा झाला नाही, उलट अंगात पाणी साठण्याचे प्रमाण ६.३ वरून २०.५ टक्क्यांवर गेले. पुरते की नाही हे लघवी सांगते : तासाला किमान ३० मिलि. कॅथेटरच्या पिशवीवरचा हा आकडा दर तासाला कागदावर चढला पाहिजे आणि तो कागद १०८ रुग्णवाहिकेत रुग्णासोबत गेला पाहिजे. श्वास, मूत्रपिंड किंवा रक्तदाब ढासळला तर थांबू नये, हलवावे. ४८ तासांनंतरही अवयव सावरला नाही तर आजार गंभीर. मेलेल्या भागात जंतू शिरतात ते बहुधा दुसऱ्या आठवड्यानंतर. पहिल्या दिवसापासूनची अँटिबायोटिक्स ते रोखत नाहीत. उलटी थांबली की पेज सुरू करावी, उपाशी ठेवू नये.

शेवटचे मागणे. खड्यांमुळे आलेली सौम्य सूज उतरली की त्याच मुक्कामात पित्ताशय काढून द्यावे, तशी सोय जिल्हा रुग्णालयांत करावी. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेला माणूस ‘सहा आठवड्यांनी या’ म्हटल्यावर येत नाही, आणि खडा तोवर पोटातच असतो.

आपले,
खानदेशात पोटविकारांवर उपचार करणारे डॉक्टर