त्या धडधडीबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर बोलता बोलता मी म्हणाले की हृदयाचा व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, बदलायचं ऑपरेशन झाल्यापासून रात्री छातीत धडधड होते, आणि तुम्ही दोघंही एकदम गप्प झालात. नंतर दादाकडून कळलं की बाबा रात्रभर ओटीवर येरझाऱ्या घालत होते आणि आई देवापुढून उठली नाही. फोनवर हे नीट सांगून होत नाही, रेंजही धड नसते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. बाबा, सावकाश वाचा आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

दिवसा चार माणसांत असले की काही जाणवत नाही. रात्री दिवा मालवून डाव्या कुशीवर वळलं की सुरू होतं. हृदय थेट गादीवर आपटतंय असं वाटतं, गाऊनचं कापड छातीवर हलताना दिसतं, कानशिलातही ठोका लागतो. मधूनच एक ठोका हुकल्यासारखा होतो, क्षणभर काहीच नाही, आणि मग पुढचा इतका जोरात बसतो की उठून बसावंसं वाटतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा भीती वाटली. ह्यांनी मनगट धरून घड्याळ लावून पूर्ण मिनिट नाडी मोजली. नव्वदच्या वर होती, पण एका लयीत होती. सकाळीच डॉक्टरांकडे गेलो.

ईसीजी झाला, टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला, रक्त तपासलं, आणि छातीला तारा चिकटवून होल्टर नावाचं लहानसं यंत्र चोवीस तास अंगावर बाळगायला दिलं. त्यात प्रत्येक ठोक्याची नोंद होते. एकोमध्ये नवा व्हॉल्व्ह व्यवस्थित उघडतो-मिटतो आहे. आयसीयूत असताना एका रात्री ठोके वेडेवाकडे पडायला लागले होते, सलाइनमधून औषध देऊन ते थांबवलं होतं, आठवतं ना? तसं आता काही नाही. अशा ऑपरेशननंतर सुरुवातीच्या दिवसांत तसं पुष्कळांना होतं, असं डॉक्टरांनी तेव्हाही सांगितलं होतं.

मग धडधड कशाची? एखादा ठोका वेळेआधीच पडून जातो. तो इतका हलका असतो की आपल्याला कळतही नाही. त्यानंतर हृदय जरा जास्त वेळ थांबतं, त्या वेळात त्यात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरतं, आणि ते बाहेर लोटणारा ठोका दणदणीत लागतो. म्हणजे आपण घाबरतो त्या दणक्याला, आणि तो दणका तर हृदय नीट भरून नीट रिकामं झाल्याचा असतो. हे डॉक्टरांनी कागदावर रेघा काढून दाखवलं तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. शिवाय ऑपरेशनमध्ये रक्त जातं. माझं हिमोग्लोबिन अजून साडेनऊच आहे, त्यामुळे हृदयाला तेवढंच काम जरा पळून करावं लागतं. छातीचं हाड कापून तारांनी शिवलंय, हृदयाभोवतीचं आवरणही उघडलं होतं. ते सगळं भरून येईपर्यंत ठोके असे जवळून जाणवतात. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत, ठोके संथ ठेवणारी गोळी होतीच.

बाबा, तुम्ही विचारत होतात की व्हॉल्व्ह परदेशी आहे का. नाही, आपल्याकडचाच आहे, चित्रा व्हॉल्व्ह. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या इंजिनिअरांनी तो घडवला. आधीची तीन मॉडेलं फसली, चौथं टिकलं, आणि डिसेंबर १९९० मध्ये तो पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसवला गेला. धातूची कडी, आत कलती होणारी प्लास्टिकची चकती, आणि हृदयाला टाके घालायला बाहेरून पॉलिएस्टरच्या कापडाची किनार. ही चकती दिवसाला लाखभर वेळा उघडते आणि मिटते. वीज गेली, पंखा थांबला, की तिची बारीक टकटक मला ऐकू येते. तुम्ही आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखलंत, तसंच मी आता हा आवाज ओळखायला शिकते आहे. आवाज येतोय हे ठीक. तो अचानक दबला किंवा बंद झाला तर मात्र रात्री दोन वाजलेले असले तरी हॉस्पिटल गाठायचं. चकतीवर गुठळी धरल्याची ती खूण असू शकते.

बाकी कधी धावायचं तेही आम्ही दोघांनी नीट विचारून घेतलंय. नाडी बसल्या जागी एकशेवीसच्या पुढे जाऊन उतरतच नसेल, किंवा लयच सुटली असेल, चक्कर येऊन शुद्ध हरपली, आडवं पडल्यावर दम लागला, पाय सुजले, ताप आला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, तर वाट बघायची नाही. यातलं आज काहीही नाही.

अर्जुनसालीचं चूर्ण मिळालं. बाबा, तुम्ही इतक्या लांबून वैद्यांकडून आणून पाठवलंत, मला फार बरं वाटलं. पण ते घेत नाहीये, डब्यात ठेवलं आहे. रक्त पातळ राहण्याची गोळी आता जन्मभर घ्यायची आहे, आणि ती फार नाजूक मापाची असते. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीतला आकडा, अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायचा. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. बाहेरचं कुठलंही औषध, काढा, अगदी अंगदुखीची साधी गोळीसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. पालेभाजी बंद नाही हं आई, फक्त आठवड्याला साधारण सारखीच खायची. एकदम टोपलीभर माठ आणि मग पंधरा दिवस काहीच नाही, असं चालत नाही.

आई, आता तुझ्याशी बोलते. दादा म्हणाला, तू म्हणालीस की लहानपणीचा तो ताप, डॉक्टर ज्याला रूमॅटिक फीव्हर म्हणतात तो, वेळेवर ओळखला असता तर पोरीवर ही वेळ आली नसती. हे तू मनातून काढून टाक. आधी घसा दुखला होता, तो तर गावातल्या प्रत्येक पोराचा दुखतो. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा. तेव्हा कुणाला हृदय सुचणार? हा ताप सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो, असं डॉक्टर लोकांत जुनं वचन आहे. चावा बसला तो तेव्हाच बसला. पण पुन्हा पुन्हा बसू नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिन द्यायचं असतं, आणि ते तू दिलंस. पावसात छत्री उलटी होत असताना मला घेऊन संगमेश्वरची एसटी पकडायचीस. इंजेक्शन इतकं दुखायचं की परतताना मला बसता यायचं नाही, तू मला मांडीवर पालथी घ्यायचीस आणि घरी आल्यावर गरम पाण्याच्या फडक्याने शेकायचीस. एकही तारीख चुकू दिली नाहीस. परवा डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, इंजेक्शनं सोडलेल्यांपैकी काहींचे व्हॉल्व्ह विशीच्या आतच खराब झालेले येतात, तुमचा अडतिसाव्या वर्षापर्यंत चालला तो उगाच नाही. माझं लग्न, चिनूचा जन्म, नोकरी, हे सगळं त्या जुन्या व्हॉल्व्हवरच झालं, आई.

एक काम आहे. व्हॉल्व्ह बदलला तरी तो ताप परत येऊ शकतो, म्हणून इंजेक्शनं पुन्हा सुरू करायचा डॉक्टरांचा विचार आहे, आणि पूर्वी कुठल्या वर्षापर्यंत घेतली ते त्यांना हवं आहे. सरकारी दवाखान्याचं ते पिवळं कार्ड माळ्यावरच्या ट्रंकेत, माझ्या शाळेच्या दाखल्यांबरोबर असेल. बाबांनी शिडीवर चढू नये, दादाला सांगा. दोन्ही बाजूंचे फोटो काढून त्याने ह्यांच्या फोनवर पाठवावेत. पुढच्या सोमवारी तपासणी आहे, त्याआधी मिळाले तर बरं.

तुमची,
बेबी