भंगारात चाललेलं गाव

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या दारव्ह्यातला एक जुना फोटो स्टुडिओ कायमचा बंद झाला. दुकान रिकामं करताना निगेटिव्हचे खोकेच्या खोके भंगारवाल्याच्या हातगाडीवर गेले, किलोच्या भावानं. मला कळलं तोवर उशीर झाला होता. धावत गेलो तेव्हा वीस-पंचवीस निगेटिव्ह तेवढ्या हाती लागल्या.

त्यातली एक घरी ट्यूबलाइटसमोर धरली. जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या बंड्यांची रांग होती. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं, म्हणून कापूस काळाकुट्ट आणि माणसं पांढरी. १९७२ साली एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच घ्यायची योजना, सुरू झाली, त्यानंतरच्या कुठल्यातरी हंगामातला हा फोटो असावा. तेव्हा काट्यावर नंबर लागेपर्यंत शेतकरी रात्र रात्र बंडीखालीच काढत. रांगेच्या टोकाला काखेत डफडं घेतलेला माणूस उभा आहे. चेहरा नीट दिसत नाही, पण उभं राहण्याच्या ढबीवरून मी त्याला ओळखलं. आमचा कोतवाल!

हा माणूस म्हणजे गावाचं चालतंबोलतं दफ्तर होता. कोणत्या साली कोणती विहीर आटली, कोणाच्या धुऱ्यावरून कोणाचं भांडण पेटलं, पुराचं पाणी कोणाच्या ओट्यापर्यंत आलं, सारं तोंडपाठ. सरकारी हुकमाची दवंडी देऊन झाली की एखाद्या गरिबाच्या हरवलेल्या शेळीचाही पुकारा तो फुकट करायचा. तो गेला आणि ते दफ्तरही त्याच्यासोबत गेलं. आमच्या आळीतल्या सुईणआजीचंही तसंच झालं. किती बाळंतपणं केली असं विचारलं की म्हणायची, “मोजाचं कायले? लेकरं का कापसाच्या गाठी हायेत?” तिचा एक साधा फोटोसुद्धा आज कोणाकडे नाही.

मोठ्या माणसांची नावं राहतात, त्याचा आनंदच आहे. १० जुलै १९३० रोजी जंगल सत्याग्रहात लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला, हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. पण त्या चळवळीत आपल्या तालुक्यातून विळे घेऊन कोण कोण गेलं, त्यांच्यामागं घरच्या बायांनी शेती कशी सांभाळली, हे कोणत्या पुस्तकात सापडणार? १९०८ सालचं यवतमाळ जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर आहे. त्यात पिकं आहेत, महसूल आहे. हा कोतवाल आणि ही सुईण त्यात कुठून येणार? मी इतिहासाचा शिक्षक, पण “आजीला विचारून लिहून आण” असा गृहपाठ एकदाही दिला नाही. ही चूक आता फार सलते.

आपल्या शकुंतलेचंच पाहा. अडीच फुटी रुळांवरून यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी ही गाडी साऱ्या वऱ्हाडाची लाडकी. १९९४ साली तिचं वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं, पुढं गाडीच थांबली. तिच्यावर राबलेले गँगमन, फाटक उघडायला उतरणारे कर्मचारी, डब्यात भाजीच्या टोपल्या चढवणाऱ्या बाया, यांतले काही जण अजून आपल्यात आहेत. पण ऐंशीच्या पुढचे. त्यांच्यासाठी पुढच्या वर्षीपर्यंत थांबणं परवडणारं नाही.

जुनं जमवून जपण्याचं काम आपल्याच जिल्ह्यात झालेलं आहे. डॉ. य. खु. देशपांडे यांनी यवतमाळात शारदाश्रम ही संस्था उभी करून जुन्या पोथ्या नि कागदपत्रं जमवली, तेव्हा त्यांच्याजवळ ना मोबाइल होता ना स्कॅनर. आज नववीतल्या पोराच्या खिशातही रेकॉर्डिंगची सोय आहे. शाळांनी दिवाळीच्या सुट्टीत एवढंच सांगावं: घरातल्या किंवा शेजारच्या म्हाताऱ्या माणसाजवळ अर्धा तास बस, त्यांना विचारून बोलणं टिपून घे आणि ते जसं बोलतात तसंच वऱ्हाडीत उतरव. शुद्ध करायला जाऊ नको, नाहीतर त्यातला जीव जाईल. सांगणाऱ्याचं नाव, वय, आळी आणि तारीख मात्र लिहिलीच पाहिजे. हे सगळं ठेवायला सार्वजनिक वाचनालयात एक कपाट आणि नगर परिषदेकडून एक संगणक मिळाला तरी सुरुवात होईल. आणि स्टुडिओवाल्यांना, जुन्या वाडेवाल्यांना हात जोडून विनंती, भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एकदा वाचनालयात निरोप द्या.

आपल्याकडेही एक मागणं आहे. रविवारच्या अंकात गावोगावच्या जुन्या फोटोंसाठी एक छोटी चौकट द्यावी. खाली फक्त “यांना कोणी ओळखतं का?” एवढं छापावं.

त्या निगेटिव्हची प्रिंट सोबत पाठवत आहे. तिसऱ्या बंडीवर कापसात कंबरेपर्यंत रुतून एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा बसला आहे, हातात भाकरीचा तुकडा. आता तो साठीच्या आसपास असेल. चौघा-पाच जणांना दाखवली, अजून कोणाला ओळख पटलेली नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
दारव्हा, जि. यवतमाळ