कोअर राऊटर म्हणून विकलेल्या तुमच्या डब्याबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा व तांत्रिक साहाय्य विभाग

विषय : तुमचा आठ पोर्टचा टेन-जी कोअर राऊटर, त्याची 'वीस लाख रूट'ची (इंटरनेटवरच्या वाटांची) क्षमता आणि परस्पर बंद केलेलं टिकेट (तक्रारीची नोंद)

तुमच्या सपोर्टशी आज दुपारी जे बोलणं झालं ते माझ्या बाजूने शेवटचं. यापुढे जे काही असेल ते लेखी. मॉडेल, सिरीयल नंबर, सपोर्ट कराराचा क्रमांक सगळं तुमच्याकडे आहे. तो सिरीयल नंबर फोनवर इतक्यांदा वाचून दाखवलाय की आमच्या ऑफिसातल्या पोराला पाठ झालाय. तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो.

आमची इंटरनेट पुरवणारी कंपनी छोटी. 'सी' वर्गाचा परवाना, सांगली जिल्ह्यातला एक तालुका आणि आजूबाजूची गावं. अपस्ट्रीम (ज्यांच्यामार्फत आम्ही बाकीच्या जगाच्या इंटरनेटला जोडलोय) दोन, एक पुण्याहून, एक मुंबईहून. शिवाय मुंबईत पीअरिंग, म्हणजे इतर नेटवर्कांशी थेट देवाणघेवाण. राऊटरकडून अपेक्षा तीनच होत्या : दोन्ही अपस्ट्रीमचं फुल टेबल (जगभरच्या सगळ्या रूटची यादी) घ्यावं, आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, जुनी ती आयपीव्ही४) चालू राहावं आणि फ्लो एक्स्पोर्ट (कोणाचं ट्रॅफिक कधी कुठे गेलं याच्या नोंदी बाहेर पाठवणं) चालू राहावा. ऑर्डर देण्याआधी तुमच्या प्री-सेल्स इंजिनिअरला हेच मेलवर विचारलं होतं, 'तिन्ही एकाच वेळी' या शब्दांखाली रेघ मारून. त्याचं उत्तर एका ओळीचं : हो सर, आरामात.

आता हा आराम कसा होता ते ऐका.

जगाचं आयपीव्ही४ टेबल आज दहा लाख रूटच्या आसपास आहे, आयपीव्ही६चं दोन लाखांच्या वर. तुमच्या डेटाशीटवर ठळक अक्षरांत वीस लाख. म्हणजे पुढची काही वर्षं बघायला नको, असा कुणाचाही समज होईल. पण कॉन्फिगरेशन गाईडमध्ये पार आत, एका तक्त्याखाली बारीक टीप आहे : ही क्षमता फक्त आयपीव्ही४ चालू असताना, आयपीव्ही६ आणि फिल्टर सुरू केले की तीच हार्डवेअर मेमरी सगळ्यांत वाटली जाते. वाटणीनंतर व्ही४च्या पदरात किती उरतं, ते टिपेतही नाही. ते आम्हाला आमच्या ग्राहकांनी कळवलं. रात्री साडेनऊला, फोनवर.

"यूट्यूब चालतंय, पण बँकेचं पान उघडत नाही." पहिला फोन असा. दुसरा तसाच, फक्त बँक वेगळी. आमचा लाईनमन बिचारा घरोघरी जाऊन ओएनटी (ग्राहकाच्या घरातलं फायबरचं यंत्र) बदलत बसला. यूट्यूब चालणारच, त्याचा कॅश (साठवलेली प्रत) जवळ आहे आणि ते रूट आधीपासून हार्डवेअरमध्ये बसलेले. ज्यांना जागा मिळाली नाही ते रूट तुमचा डबा सीपीयूवर ढकलतो. संध्याकाळचं ट्रॅफिक सीपीयूवर आलं की तो शंभर टक्क्यांना टेकतो. मग त्याला बीजीपीचे (राऊटर एकमेकांना रूट कळवतात ती भाषा) कीपअलाइव्ह, म्हणजे 'मी जिवंत आहे' हे संदेश, वेळेवर पाठवायला फुरसत मिळत नाही, होल्ड टायमर (वाट बघायची मुदत) संपतो, अपस्ट्रीम सेशन पडतं, दहा लाख रूट जातात. सेशन पुन्हा उठतं, दहा लाख रूट पुन्हा शिकायचे, सीपीयू पुन्हा शंभरवर, आणि तेवढ्यात दुसरं अपस्ट्रीम पडतं. हे रात्री बारापर्यंत. ट्रॅफिक उतरलं की आपोआप शांत. सकाळी तुमचा इंजिनिअर रिमोटवर येतो आणि म्हणतो, आत्ता तर सगळं नॉर्मल दिसतंय.

हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, डबा तुमचाच आहे. पण तुमच्या सपोर्टला समजावून सांगावं लागलं, आणि तरी समजलं नाही.

बरं, हा आजार नवा असता तर एक वेळ गप्प बसलो असतो. १२ ऑगस्ट २०१४ ला जगाचं टेबल ५१२ 'के'च्या, म्हणजे ५,२४,२८८ रूटच्या रेषेला टेकलं आणि ठिकठिकाणचे जुने राऊटर असेच कोसळले, कारण त्यांच्या मेमरीची वाटणी तेवढ्यावरच बेतलेली होती. तेव्हापासून या धंद्यात राऊटर घेताना माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो. मीही तोच विचारला होता. लेखी. उत्तरही लेखी आहे. आरामात.

आता त्या रात्रीच्या फोनबद्दल. याचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे असणार, 'गुणवत्तेसाठी' तुम्ही करताच. तरी लिहितो, कारण ते कुणी ऐकत असेल असं मला वाटत नाही.

क्रिकेटचा सामना रंगात आलेला, म्हणजे आमच्याकडे ट्रॅफिकचा कळस. दोन्ही सेशन पडत-उठत होती. पोरगा कन्सोल केबल लावून रॅकसमोर जमिनीवर बसलेला, मी फोनवर. आधी तुमचं ते संगीत. मग सिरीयल नंबर. मग त्यातलं चौथं अक्षर शून्य की ओ, यावर चर्चा. मग पलीकडचा मुलगा म्हणाला, "सर, प्रॉब्लेम काय येतोय?" मी सगळं सांगितलं : एफआयबी (रूटची हार्डवेअर मेमरी) भरली, रूट सीपीयूवर आले, होल्ड टायमर संपतोय, दोन्ही अपस्ट्रीम पडतायत. थोडा वेळ टायपिंगचा आवाज.

"म्हणजे सर, नेट स्लो आहे?"

म्हटलं, हो, तसंच समजा.

"वायफायवर बघताय की केबलवर?"

म्हटलं, बाबा रे, हा कोअर राऊटर आहे, याला वायफाय नसतं. त्यावर "ओके सर, एकदा राऊटर बंद करा, तीस सेकंद थांबा आणि चालू करा." मी म्हणालो, हा बंद केला तर अख्खा तालुका बंद पडेल. दवाखाना आहे, पतसंस्था आहेत, रात्रपाळीला घरून काम करणारी मुलं आहेत. "फक्त तीस सेकंद सर." तुमचा डबा बूट व्हायलाच कित्येक मिनिटं घेतो आणि दोन फुल टेबल शिकायला आणखी वर, हे तुमच्याच माणसाला मी सांगतोय. परत टायपिंग. आणि मग ते वाक्य :

"सर, आमच्या बाजूने डिव्हाइस ओके आहे. तुम्ही एकदा तुमच्या इंटरनेट प्रोव्हायडरशी बोलून घ्या."

मी म्हणालो, इंटरनेट प्रोव्हायडर मीच आहे.

"हो सर, पण तुमच्याकडे ज्यांचं कनेक्शन आहे त्यांच्याकडून लाईन डाऊन असेल."

माझ्याकडे कुणाचं कनेक्शन नाही. लोकांकडे माझं कनेक्शन आहे.

थोडी शांतता. मला वाटलं, पडला प्रकाश. तर म्हणतो, "ओके सर. मग तुमच्या एरियातल्या लोकल ऑपरेटरला विचारून बघा."

पोरगा रॅकसमोर बसल्या बसल्या हसत होता. मला हसू आलं नाही. त्या मुलावर राग नाही माझा, त्याच्यासमोर घरगुती वायफाय राऊटरचा कागद ठेवला होता, तो कागद त्याने वाचला. कोअर राऊटरच्या रांगेत त्याला तो कागद देऊन कुणी बसवलं? ज्या सपोर्टचे पैसे तुम्ही दरवर्षी आगाऊ घेता आणि ज्याला 'प्रीमियम' म्हणता, तो हाच ना? शेवटी मला एक ते पाचमध्ये गुणही द्यायला सांगितले. शून्याची सोय नाही.

वर सांगितलं की लॉग पोर्टलवर चढवा, नाहीतर केस पुढे जाणार नाही. चढवले असते, पण तुमचं पोर्टलही त्याच न उघडणाऱ्या पानांत होतं. शेवटी ज्या बड्या कंपनीचं फाइव्ह-जी आमची गिऱ्हाइकं पळवतंय, तिचं सिम मोबाईलमध्ये घालून तुमच्या राऊटरचे लॉग तुम्हाला पाठवले. आणि टिकेट बंद. कारण : 'ग्राहकाकडून प्रतिसाद नाही.'

तुमच्याकडून आलेले तोडगेही नोंदवून ठेवतो. आयपीव्ही६ बंद करा. का? नवे आयपीव्ही४ पत्ते आता मूठभरच मिळतात, ग्राहक नॅटमागे (एकच पत्ता अनेकांत वाटून) दाटीवाटीने बसवलेत, म्हणून तर व्ही६ सुरू केलं. दुसरा तोडगा, फ्लो एक्स्पोर्ट बंद करा, लोड कमी होईल. तो हौसेने चालू ठेवलेला नाही. कोणत्या ग्राहकाने कधी कोणता पत्ता वापरला याच्या नोंदी परवान्याच्या अटींप्रमाणे दोन वर्षं जपाव्या लागतात आणि आमच्या नोंदी त्या एक्स्पोर्टमधूनच निघतात. दूरसंचार खात्याला मी काय सांगू, राऊटर कंपनीला जड जात होतं? तिसरा, फुल टेबल घेऊच नका, डिफॉल्ट रूट, म्हणजे 'सगळं याच वाटेने' अशी एकच वाट, घ्या. सध्या आम्ही नाइलाजाने तेच केलंय. चालतं. पण डिफॉल्टवरच चालवायचं तर कोणत्या अपस्ट्रीमने कुठे जायचं हे ठरवणं हातातून गेलं, आणि मग तुमच्या या डब्याच्या किमतीत साधे दोन डबे घेऊन एक कपाटात सुटा ठेवला असता. सुटा! विश्वासार्ह राऊटरबद्दल मला आता कुणी विचारलं तर एवढंच सांगेन, डेटाशीट वाचू नका, कपाटात दुसरा आहे का ते बघा.

बदली राऊटरचंही ऐका. करारात 'पुढच्या कामकाजाच्या दिवशी' असं आहे. आला, उशिरा का होईना. खोका उघडला तर एसी पॉवर सप्लाय. आमचा रॅक उणे ४८ व्होल्ट डीसीवर, बॅटरी बँकेवर चालतो, कारण इथे वीज तुमच्या हेड ऑफिससारखी राहत नाही. हे मूळ ऑर्डरमध्ये आहे. सिरीयल नंबरातही बहुतेक असेल, इतका लांब आहे तो. आणि समजा योग्य सप्लायचा आला असता, तरी मॉडेल तेच, मेमरी तेवढीच. बदलून काय साधलं असतं?

तुमचा विक्री प्रतिनिधी म्हणतो, नसेल पटत तर दुसऱ्या कंपनीचा घ्या. त्यालाही ठाऊक आहे की १५ जून २०२१ पासून नेटवर्कमध्ये नवं उपकरण जोडायचं तर ते विश्वासार्ह स्रोताचं म्हणून सरकारी पोर्टलवर मंजूर असावं लागतं. बाजारातून जुना उचलला आणि रात्रीतून बसवला, ते दिवस गेले. हे माहीत असून तो तसं म्हणतो. वर हसत सांगतो की धंद्यासाठी घेतलाय म्हणून ग्राहक आयोगात आपली केस उभी राहणार नाही. असेलही. दिवाणी कोर्ट आहे की.

खरं दुःख वेगळंच आहे. एका गावात पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत तुमचाच एक जुना छोटा राऊटर आहे. पंख्यावर बोटभर धूळ, पावसाळ्यात भिंत ओली, झाकणाखाली पालीची अंडी निघाली होती. कधी बंद पडला नाही. त्याच्या भरवशावर मी भागीदारांशी भांडून हा मोठा तुमच्याकडून घेतला. तो बनवणारी माणसं तुमच्याकडे अजून आहेत की गेली?

मागणी अशी. एक, दोन फुल टेबल, आयपीव्ही६ आणि फ्लो एक्स्पोर्ट तिन्ही चालू असताना हा राऊटर किती रूट हार्डवेअरमध्ये ठेवतो, तो आकडा कंपनीच्या लेटरहेडवर, सहीनिशी द्या. दोन, तो आकडा पुरत नसेल (पुरत नाहीच) तर वरचं मॉडेल, डीसी सप्लायसकट, फरकाचे पैसे न घेता द्या, नाहीतर हा परत घेऊन सपोर्ट करारासह पूर्ण रक्कम परत करा. तीन, परस्पर बंद केलेलं टिकेट उघडा, आणि 'प्रतिसाद नाही' हा शेरा काढा. प्रतिसाद होता. प्रतिस्पर्ध्याच्या सिमवरून होता.

शेवटचा हप्ता मी रोखून धरलाय. तुमच्या वसुली विभागाचे फोन मात्र वेळेवर येतात, तिथे कुणी शून्य की ओ विचारत नाही. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर प्री-सेल्सचा तो 'आरामात'चा मेल जोडून वकिलाची नोटीस येईल, आणि हे पत्र आमच्या भागातल्या छोट्या प्रोव्हायडरांच्या ग्रुपवर जाईल. त्यातले निम्मे या दिवाळीआधी राऊटर बदलणार आहेत.

उत्तर मेलवर द्या. फोन नको.

तुमचा अजूनपर्यंतचा ग्राहक
(ग्राहक क्रमांक तुमच्याकडे आहे)