तारीख घेऊन न येणारे रुग्ण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. ओपीडीची तारीख घेऊन न येणाऱ्यांना दंड लावावा का, असं तू विचारलंस. माझं उत्तर 'नाही' असंच आहे. त्याआधी तुमच्या रजिस्टरातला 'गैरहजर' हा एकच रकाना फोड. विसरलेला, बरं वाटलं म्हणून थांबलेला, रिपोर्टला घाबरलेला, आणि ज्याला तारीख नीट कळलीच नाही असा, सगळे तुम्ही त्या एका रकान्यात कोंबलेत. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे रे.

हा प्रश्न सगळीकडचाच आहे. 2018 मध्ये 105 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात गैरहजेरीचं सरासरी प्रमाण 23 टक्के निघालं. तारीख जितकी लांबची तितके लोक जास्त गळतात, आणि आधी एकदा चुकलेला पुन्हा चुकण्याची शक्यता जास्त, हेही त्यात दिसतं. लांबच्या तारखेचं कारण उघड आहे. दोन महिन्यांत दुखणं एक तर ओसरतं, नाही तर माणूस तोवर दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. म्हणून सहा महिन्यांनंतरची तारीख आजच हातात देऊ नकोस. नाव यादीत ठेव, आणि महिनाभर आधी फोन करून त्याला जमेल तो दिवस ठरव. 'कोणता वार जमेल?' हा प्रश्न काउंटरवर बहुधा विचारलाच जात नाही. कामावरची रजा, सोबतीला माणूस, घरी लहान मूल, हे सगळं त्या एका प्रश्नात निघतं.

विसरणाऱ्यांसाठी मेसेज. कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या 2013 च्या आढाव्यात मेसेजमुळे हजेरी वाढलेली दिसली, आणि परिणाम फोन करण्याच्या जवळपास तोडीचा होता. पण मेसेजमध्ये काय लिहिता ते बघ. 'आपली अपॉइंटमेंट उद्या आहे' एवढ्याने भागत नाही. असा लिही: 'मंगळवार 14, सकाळी 10.30, डोळ्यांचा विभाग, दुसरा मजला, खोली 7. डोळ्याची बाहुली मोठी करण्याचे थेंब घालणार, स्वतः गाडी चालवत येऊ नका. जमत नसेल तर 2 लिहून पाठवा.' एक मेसेज आठवडाभर आधी आणि एक आदल्या दिवशी. आदल्या दिवशीच्या मेसेजने आठवण होते, पण तेवढ्यात रजा मिळत नाही. केसपेपरवरचा नंबर दर भेटीला वाचून दाखवून पक्का कर. पुष्कळदा तो मुलाचा असतो, नाही तर बंद पडलेला.

रद्द करणाऱ्यावर मात्र रागावू नका. दोन दिवस आधी कळवणारा तुम्हाला एक जागा परत देतो, ती प्रतीक्षा यादीतल्या कुणाला तरी मिळते. पण काउंटरचा फोन सतत एंगेज असेल तर तो तरी काय करणार? शेवटी तोही 'गैरहजर'च लिहिला जातो.

सगळ्यात अवघड गट लाजणाऱ्यांचा. गोळ्या मध्येच सोडल्या, साखर वाढली, आता डॉक्टर ओरडतील म्हणून हे लोक येत नाहीत. मेसेजने ते हलत नाहीत. मागच्या भेटीत त्यांच्याशी कसं बोललं गेलं, त्यावर त्यांचं येणं ठरतं.

गैरहजेरी धरून जादा नंबर देण्याचा मोह होईल. 30 जागांना 36 नंबर दिले आणि सगळे आले, तर शेवटच्यांना तासन् तास बसावं लागेल, आणि पुढच्या वेळी नेमके तेच येणार नाहीत.

एक काम मात्र त्याच दिवशी करायचं: ओपीडी संपली की न आलेल्यांची यादी काढून रक्त पातळ करणारी गोळी, फिटचं औषध, इन्सुलिन चालू असलेल्यांना संध्याकाळच्या आत फोन. 'का आला नाहीत?' असं नाही, 'आमच्याकडून काही अडलं का?' असं विचारायचं. तुमच्याकडूनच तारीख बदलली आणि त्यांना कळवलंच नाही, असंही निघेल. त्याला वेगळा रकाना हवा.

महिनाभर असं लिहून ठेव आणि आकडे मला पाठव. मग कुठून सुरुवात करायची ते बसून ठरवू.

तुझाच,
मित्र