बाबांच्या पायांना शेक आता नको

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

शेकायची पिशवी आणि विजेचं पॅड मी येताना बॅगेत घालून आणलंय. शेक घेण्याच्या पुढच्या बैठकाही रद्द केल्यात. न विचारता केलं, रागावू नका. बाबा, शेकाने जळजळ तेवढ्यापुरती थांबते, तुम्हाला झोप लागते, हे मला कळतं. पण मधुमेहात तळपायाच्या नसा बधिर होतात आणि चटका बसला तरी समजत नाही. ६० अंशांचं पाणी साधारण ५ सेकंदांत कातडी भाजतं, ५० अंशांना ५ मिनिटं पुरतात. सुखद वाटणारी ४४ अंशांची पिशवीसुद्धा रात्रभर पायाशी राहिली तर फोड आणते. डागणी, तापवलेल्या मिठाची पुरचुंडी, वाफ, सगळ्यांचं तेच.

खरी भीती पुढची आहे. फोड फुटतो, जंतू शिरतात. वाढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी नीट लढत नाहीत, रक्तपुरवठा कमी असेल तर औषधही तिथवर पुरेसं पोचत नाही. दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो. संसर्ग हाडात गेला की अँटिबायोटिक आठवडेच्या आठवडे चालतात, कधी बोटही गमवावं लागतं.

थंडीसाठी सैल सुती मोजे आणि जाड पांघरूण पाठवलंय, पाय गारठणार नाहीत. जळजळीवर प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटीन अशा गोळ्या असतात. कोणती चालेल ते डॉक्टरांनाच विचारा, आधी किडनीचे रिपोर्ट दाखवून.

आई, माझ्या तापात रात्रभर घड्या बदलायचीस ना, तशीच आता थोडी कडक हो. आंघोळीचं पाणी ३७ अंशांपेक्षा जास्त गरम नको. थर्मामीटर पार्सलमध्ये आहे. बाबांनी पायाने अंदाज घ्यायचाच नाही. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघ.

भाजलंच तर नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. फोड फोडू नका, स्वच्छ ड्रेसिंग सैलसर ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना. लाली पसरली, पू किंवा वास आला, साखर अचानक चढली, तर सकाळची वाट बघू नका. ताप नाही म्हणून थांबायचं नाही. मधुमेहात मोठा संसर्गही कधी तापाशिवाय वाढतो.

पुढच्या तपासणीत मोनोफिलामेंटने, म्हणजे तळव्याला टेकवायच्या बारीक नायलॉनच्या धाग्याने, पायाची संवेदना बघायला सांगा. आई, रविवारच्या फोनआधी दोन्ही तळव्यांचे फोटो पाठव.

तुमची,
मनू